फरकाचा छटाक



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण इतकी वर्षे चालवीत आहात, त्यांनी आयुष्यभर तालुक्याच्या शाळेत अंकगणित शिकविले. म्हणून देशाच्या इतिहासावर बोलण्याचे निमंत्रण मला आले, तेव्हा राजे, लढाया आणि तह हे सारे बाजूला ठेवून मोजमापावरच बोलावे असे मी ठरविले. माझ्या बालपणी, म्हणजे १९५८ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत, आमच्या गावच्या आठवड्याच्या बाजारात शेर जाऊन किलो आला. शेजारच्या वाडीवरून एक वृद्ध बाई तूर घेऊन येत असे. नवी, चकचकीत, षट्कोनी वजने पाहून तिने आडत्याला विचारले, ‘किलो म्हंजी किती?’ तो म्हणाला, ‘शेरच की गं आजी, नाव बदललंय फक्त.’ बाईने शेराच्या भावाने किलो घातला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, हे मला पुढे शाळेत कळले. तेव्हा प्रत्येक शेरामागे तिच्या टोपलीतून छटाकाहून, म्हणजे शेराच्या सोळाव्या भागाहून, थोडी अधिक तूर फुकट गेली होती हे गणित मी मांडले, आणि आज इतक्या वर्षांनंतरही ते मांडणे माझ्याकडून थांबलेले नाही.

दशमान पद्धतीचा मी विरोधक नाही, हे आरंभीच सांगतो. ज्या देशात बंगालचा मण ब्याऐंशी पौंडांहून थोडा अधिक, मुंबईचा अठ्ठावीस पौंडांचा आणि मद्रासचा पंचवीस पौंडांचा होता, आणि ज्यात आपल्याच देशावरची दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी ही मापाची उतरंड शेजारच्या पेठेत गेल्यावर पुन्हा नव्याने समजून घ्यावी लागत असे, त्या देशाला एक माप हवेच होते. माझे म्हणणे एवढेच आहे, की विशाल आणि विविध देश एक होत जातो तेव्हा मापे, नाणी, घड्याळे, रूळ आणि कर हे सारे हळूहळू एक होतात, परंतु जुने माप आणि नवे माप यांच्यामध्ये प्रत्येक वेळी एक छटाक उरतो, आणि तो छटाक कोणाच्या पदरात पडतो या प्रश्नाकडे आपल्या इतिहासकारांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही.

या प्रश्नाचे सर्वांत विलक्षण उदाहरण मिठाचे आहे, आणि आज मी त्यावरच अधिक वेळ थांबणार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या देशात एक कुंपण होते. कुंपण हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि शेर नावाचे झुडूप यांची, काही ठिकाणी बारा फूट उंचीची, माणसाला ओलांडता येऊ नये इतकी दाट अशी जिवंत कुंपणाची भिंत मैलोगणती वाढविलेली होती. जेथे जमीन निकृष्ट म्हणून झाडे जगत नसत तेथे वाळक्या काट्यांचे किंवा दगडांचे कुंपण घातलेले होते. हे कुंपण ज्या जकातरेषेचा भाग होते ती रेषा सिंधु नदीपासून निघून दिल्ली, आग्रा, झाशी, होशंगाबाद अशी खाली उतरत महानदीपर्यंत, सुमारे तेवीसशे मैल, पोहोचली होती, आणि तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे चौकीपहाऱ्यास होती. हा सारा खटाटोप मुख्यतः मिठासाठी होता. बाहेर जाणाऱ्या साखरेवरही कर घेतला जाई, परंतु खरे प्रयोजन मीठच.

कारण असे, की बंगाल आणि वरच्या प्रांतांत मिठावर मणामागे तीन ते सव्वातीन रुपये कर होता, तर मुंबई व मद्रास इलाख्यांत १८६९ पासून तो एक रुपया तेरा आणे होता, आणि राजपुतान्यातील सांभर सरोवराचे मीठ तर संस्थानी हद्दीतले. स्वस्त मीठ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत गेले तर सरकारी तिजोरीला भोक पडते, म्हणून मीठ आणि माणूस यांच्यामध्ये काटे पेरण्यात आले. ज्या आयुक्ताच्या अमदानीत हे कुंपण अत्यंत चिकाटीने वाढविण्यात आले, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात जकातखात्याचे प्रमुख होते. याच ह्यूमसाहेबांनी पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि १८८५ च्या डिसेंबरात, पुण्यात पटकीची साथ असल्यामुळे ऐन वेळी मुंबईस हलविलेल्या पहिल्या अधिवेशनात, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी एकत्र आले. देशाच्या पोटात कुंपण वाढविणारा हात आणि देशाला एका मंडपात आणणारा हात एकाच माणसाचे असावेत, यात मला विसंगती दिसत नाही. राज्यकर्त्याच्या नजरेने हा देश एकसंध पाहण्याची सवय त्या माणसास जकातखात्यातच लागली असावी, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, आधार नव्हे.

हे कुंपण १ एप्रिल १८७९ रोजी मोडण्यात आले. पाठ्यपुस्तकांत ही सुधारणा म्हणून नोंदलेली असते आणि एका अर्थी ती सुधारणा होतीही, कारण बारा हजार पहारेकऱ्यांच्या झडतीतून, लाचलुचपतीतून आणि दंडातून लक्षावधी लोक सुटले. परंतु कुंपण मोडता यावे म्हणून दोन गोष्टी आधी कराव्या लागल्या, आणि त्यांतली दुसरी आपल्या बाजूच्या लोकांना भोवली. एक तर सांभर सरोवर १८७० मध्ये जयपूर व जोधपूर दरबारांकडून पट्ट्याने घेऊन मीठ उगमाशीच ताब्यात घेण्यात आले. दुसरे असे, की दोन्ही बाजूंच्या करांतील अंतर जितके कमी तितका चोरट्या व्यापारातील नफा कमी, या हिशेबाने मुंबई व मद्रास इलाख्यांतील मिठाचा कर १८७८ मध्ये एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर चढविण्यात आला. श्रोतेहो, हे साल ध्यानात घ्या. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ नेमका दख्खनवर आणि मद्रासेवरच कोसळला होता. ज्या सोलापूर-विजापूरच्या शेतकऱ्याने आदल्या वर्षी घरातली भांडीकुंडी विकून धान्य घेतले, त्याच्या भाकरीवरच्या मिठाचा कर दुसऱ्या वर्षी वाढला, आणि तो वाढला देशातील अंतर्गत भिंत पाडण्यासाठी. १८८२ मध्ये सर्वत्र दोन रुपयांचा एकसारखा कर झाला, आणि १८८८ मध्ये तो पुन्हा अडीच रुपये झाला. कुंपण गेल्याचा आनंद वरच्या प्रांतांतील लोकांनी केला असेल. त्याचा छटाक मात्र दख्खनच्या टोपलीतून गेला.

याच सुमारास समुद्रकाठच्या आणखी काही लोकांचा छटाक गेला, आणि तो आपल्या अगदी शेजारी. इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये १८७८ मध्ये झालेल्या करारानुसार गोव्याच्या मिठागरांवर इंग्रज सरकारचे नियंत्रण आले. जकातीच्या दृष्टीने गोवा आणि ब्रिटिश मुलूख एक झाले, मुरगावचे बंदर आणि रेल्वे उभारण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि पोर्तुगीज सरकारला त्याबदल्यात दरसाल चार लक्ष रुपये मिळू लागले. दोन सरकारांच्या हिशेबात हा व्यवहार समतोल दिसतो. परंतु त्या चार लक्षांतला एक पैसाही मिठागरात गुडघाभर खारट पाण्यात उभे राहणाऱ्या मिठगावड्याकडे जाण्यासाठी नव्हता, आणि त्याच्या मिठाचे स्वातंत्र्य तेवढे गेले. हा करार १८९२ मध्ये संपला. त्या काळात कित्येक मिठागरे पडली आणि माणसे पोटासाठी बाहेर गेली. गोव्याच्या बाजूला आजही ‘मिठागर’ या शब्दाबरोबर एक उदास स्वर येतो. त्यामागे त्या वर्षांचीही छाया असावी.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी मिठाच्या कराविरुद्ध आपल्या सार्वजनिक जीवनाच्या आरंभापासून आवाज उठविला आणि १९०२ पासून कायदेमंडळातील अंदाजपत्रकी भाषणांत तो विषय सोडला नाही. १९०३ मध्ये कर अडीचवरून दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा अत्यंत साधा होता. मीठ श्रीमंत आणि गरीब सारखेच खातात, किंबहुना कष्ट करून घाम गाळणारा गरीब अधिक खातो, तेव्हा मिठावरचा समान कर हा समान नसतोच. मला गोखल्यांच्या साऱ्या कारकिर्दीत ही एक मांडणी सर्वांत मोलाची वाटते, कारण समान माप आणि समान भार यांतील भेद इतक्या स्वच्छपणे त्यापूर्वी आपल्याकडे कोणी मांडला असेल असे मला वाटत नाही. पुढे १९३० मध्ये मिठावरून साऱ्या देशात वणवा पेटला, तेव्हा महाराष्ट्रात तो वडाळ्यास आणि गोव्याच्या सीमेलगत शिरोड्यास पेटला, हे या भूगोलाकडे पाहता स्वाभाविकच होते. कर अखेर १ एप्रिल १९४७ रोजी, स्वराज्याच्या साडेचार महिने आधी, रद्द झाला.

आता नाण्यांकडे वळतो. पेशवाईच्या अखेरीस आपल्या मुलखात अंकुशी, चांदवडी, सुरती, नागपुरी असे कितीतरी रुपये चालत, आणि एका रुपयाचा दुसरा करताना सराफ बट्टा घेई. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आजही म्हणतो; ती लागण मूळ सराफाच्या पेढीवरची आहे. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एक रुपया साऱ्या ब्रिटिश मुलखासाठी ठरविला. त्याचे वजन बरोबर एक तोळा असल्यामुळे नाणे हेच वजनही झाले, आणि बाजारातल्या सामान्य माणसाला दोहोंची ओळख एकाच हाताने पटू लागली. माझ्या मते इंग्रजी राज्यातील एकीकरणांपैकी हे सर्वांत निर्मळ होते. सराफाचा बट्टा गेला, आणि तो गेला यात गरिबाचे नुकसान नव्हते. निजामाच्या राज्यात मात्र हाली सिक्का वेगळा राहिला, सात हाली रुपयांना सहा इंग्रजी असा, आणि मराठवाड्यातला माणूस नगर-सोलापूरच्या बाजारात आला की त्याच्या मनात हा हिशेब सतत चालू असे; संस्थान विलीन झाल्यानंतरही काही वर्षे तो सिक्का चालत होता. १९२३ साली ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावर ग्रंथ लिहिताना डॉ. आंबेडकरांनी चलनाच्या स्थैर्याचा विचार मांडला, तो मजुरी घेणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास अधिक समजतो: रुपयाचे मोल घटत गेले म्हणजे ज्याचे वेतन नाण्यातच ठरलेले, त्याच्या ताटातले कमी होते.

१ एप्रिल १९५७ ला सोळा आणे आणि चौसष्ट पैशांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला. एक आणा म्हणजे सव्वा सहा नवे पैसे. परंतु पाव पैसा कोणी मोजीत नसल्याने सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे ठरविले गेले. ही न्याय्य विभागणी होती. एका वेळी देणाऱ्याचा पाव पैसा जातो तर दुसऱ्या वेळी घेणाऱ्याचा. परंतु ज्याला कोष्टक वाचता येत नव्हते त्याच्यापुरता पाव पैसा नेहमी एकाच बाजूला जात असे. ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार मात्र आणा गेल्यावरही आपण सोडला नाही. भाषेने आपले जुने माप पेटीत जपून ठेवले आहे.

काळाच्या मापाची गोष्ट मी थोडक्यात सांगतो. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्थानिक वेळ त्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे होती. साहेबाच्या कचेरीस याने विशेष बिघडले नाही. पण सूर्योदयाबरोबर भोंगा ऐकणाऱ्या गिरणीतल्या माणसाला सूर्याच्या हिशेबाने एकोणचाळीस मिनिटे आधी उठावे लागणार होते, आणि त्या जानेवारीत गिरण्यांच्या वस्तीत या बदलाविरुद्ध असंतोष उसळला. नगरपालिकेने आपल्या घड्याळांतून मुंबईची वेळच राखली आणि ती १९५५ पर्यंत राखली. स्वराज्य आल्यानंतर आठ वर्षे एकाच शहरात दोन वेळा चालत होत्या, हे ऐकून आज हसू येईल. पण मला त्यात एका शहराचा आग्रह दिसतो, की आमची सकाळ आम्हाला विचारून ठरवा.

रुळांचे उदाहरण वेगळ्या जातीचे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवरून. १८७० च्या सुमारास खर्चाच्या काटकसरीने मीटर रुंदीचे रूळही आले, आणि त्यापुढे अरुंद रूळ. मिरजेला एके काळी तिन्ही रुंदींचे रूळ होते. एका गाडीतून उतरून दुसरीत भरावयाचा माल हमालांच्या पाठीवरून जाई, आणि त्या पाठींवर कित्येक घरे जगत. देशाने पुढे रूळ एक केले, हे योग्यच केले. पण माल उतरविण्याचे कामच न उरल्यावर त्या हमालांच्या मुलांनी काय केले, याची नोंद कोणत्याही अहवालात केलेली माझ्या पाहण्यात नाही.

आता एक उदाहरण असे सांगतो, की ज्यात छटाक आपल्या, म्हणजे महाराष्ट्राच्या, पदरात पडला. १९५२ ते १९९३ या काळात पोलाद, कोळसा यांसारख्या मालाच्या वाहतुकीचे भाडे असे समान करण्यात आले, की पोलाद जमशेदपूरजवळ घ्या अथवा मुंबईस घ्या, कारखानदाराला किंमत जवळजवळ तीच पडावी. उद्देश उदात्त होता: साऱ्या देशात उद्योग पसरावेत. परिणाम असा झाला, की ज्यांच्या भूमीखाली कोळसा आणि लोखंड होते त्या बिहार, ओडिशा, बंगाल आणि मध्य प्रदेश या राज्यांचे खाणीजवळ असल्याचे नैसर्गिक हित पुसले गेले, तर मुंबईसारख्या बंदरी भागाचे बंदर, भांडवल आणि बाजारपेठ यांचे हित तसेच राहिले. आणि आपल्या कापसाच्या भाड्याचे समानीकरण मात्र कोणी केले नाही. महाराष्ट्राच्या औद्योगिक वैभवाचे श्रेय आपण आपल्या उद्यमशीलतेला देतो आणि ती खरीच आहे, परंतु त्या वैभवाच्या ताजव्यात पूर्वेकडील राज्यांचा एक पासंग चाळीस वर्षे पडून होता, ही गोष्ट आपण प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. ज्या तरुणाला आज आपल्या शहरात परका म्हणून हिणविले जाते, तो कदाचित त्याच खाणीच्या जिल्ह्यातून आलेला असतो. हे बोलताना मला संकोच होत नाही. मनात येते ते फार उशिरा बोललो, एवढेच.

शेवटी जकातीच्या नाक्यांकडे येतो. पेशवाईत जकात इजाऱ्याने दिली जाई आणि एका घाटातून दुसऱ्या घाटात जाताना माल पुनःपुन्हा थांबे. मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती इंग्रजांनी १८३८ मध्ये उठविल्या. घटनेच्या तीनशे एकाव्या कलमाने देशभर व्यापार मुक्त असेल असे म्हटले, तरी शहरांच्या वेशीवर जकात राहिली, आणि ती नगरपालिकांच्या उत्पन्नाचा कणा होती. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द येथील नाक्यांवर रात्र रात्र थांबलेल्या मालमोटारींच्या रांगा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. पालिकेला राज्याने भरपाई द्यावी असा कायदाही त्याच वर्षी झाला. पण स्वतःच्या वेशीवर स्वतःचा पैसा गोळा करणारी पालिका आणि मंत्रालयातून हप्ता येण्याची वाट पाहणारी पालिका या दोन वेगळ्या संस्था आहेत. ज्या परिषदेत कराचे दर ठरतात तेथे केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश आहे, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला वगळून राज्ये काही करू शकत नाहीत आणि राज्यांना वगळून केंद्रही. १८७८ साली मिठाचा कर चढविताना दख्खनच्या माणसाचा एक हातही त्या तराजूवर नव्हता. आज राज्याचा हात आहे. नगराचा, ग्रामाचा, टोपलीतल्या तुरीचा अजून नाही. तो तेथे कसा पोहोचवायचा याचा विचार आपल्या तरुण अर्थशास्त्रज्ञांनी आणि नगरसेवकांनी करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गेल्या वर्षी मुलुंडहून येताना पूर्वीच्या नाक्याच्या जागी माझी गाडी क्षणभर थांबली, आणि पुढे मिठाच्या पोत्यांनी भरलेली एक मालमोटार होती. कोणी तिची कागदपत्रे विचारली नाहीत. ती सरळ शहरात गेली. नव्या कराच्या दरपत्रकात शेकडो वस्तू आहेत. साध्या खाण्याचे मीठ त्यात शून्य दराच्या रकान्यात आहे.